रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे : अँग्युलरमध्ये इव्हेंट हँडलरच्या पॅरामीटरला टाइप कसा द्यावा?



हजेरी, आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी, तोंडी परीक्षेचे गुण ही कामं आता आपल्यापैकी बरेच जण संगणकावर करतात. काही तंत्रस्नेही शिक्षक तर आपल्या वर्गापुरतं छोटं वेबपान स्वतःच तयार करतात. काही पालकांची मोठी मुलं वेब प्रोग्रामिंग शिकत आहेत. अशा सगळ्यांसाठी आजचा पाठ आहे. विषय ऐकायला अवघड वाटेल, पण आत शिरलात तर तो आपल्या रोजच्या कामाचाच आहे असं लक्षात येईल.

विषय असा : अँग्युलर या काटेकोर टाइप मागणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये इव्हेंट हँडलरच्या पॅरामीटरला कोणता टाइप लिहायचा, आणि का लिहायचा?

एक सूचना. लेख सलग वाचता यावा म्हणून कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते इंग्रजी स्पेलिंगनेच लिहायचे.

आधी चार शब्द समजून घेऊ

इव्हेंट म्हणजे पानावर घडलेली घटना. बटण दाबलं, चौकटीत काही लिहिलं, कळ सोडली, या सगळ्या घटनाच.

हँडलर म्हणजे ती घटना घडल्यावर धावणारं फंक्शन. शाळेची घंटा वाजली की मुलं रांगेत उभी राहतात. घंटा वाजणं हा इव्हेंट, रांगेत उभं राहणं हे हँडलरचं काम.

पॅरामीटर म्हणजे हँडलरच्या हातात दिलेली माहिती. कोणती घटना घडली, कुठे घडली, कोणती कळ दाबली, हे सगळं त्यात असतं. अँग्युलरच्या टेम्प्लेटमध्ये ही माहिती ‘डॉलर-इव्हेंट’ या नावाने मिळते.

टाइप म्हणजे त्या माहितीची जात. ती संख्या आहे की मजकूर, माउसची घटना आहे की कीबोर्डची, हे आधीच सांगून ठेवणं.

ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट १९९५ साली आली. तिच्यात पॅरामीटरचा टाइप लिहायची सोयच नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट जाहीर केली, आणि जावास्क्रिप्टवर टाइपची शिस्त आली. गूगलचं अँग्युलर २०१६ पासून टाइपस्क्रिप्टवरच उभं आहे. पुढे २०२० मध्ये अँग्युलरच्या ९व्या आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट टेम्प्लेट्स’ ही सोय आली. १२व्या आवृत्तीपासून नवीन प्रोजेक्ट तयार केला की काटेकोरपणा आपोआप चालूच असतो. म्हणून आज अँग्युलर शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी लाल रेघा दिसतात. त्या रेघांना घाबरायचं नाही, त्या काय विचारताहेत ते ऐकायचं.

आपलं उदाहरण

एक साधं पान डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक विद्यार्थ्यासमोर दोन चौकटी आहेत. एक तोंडी परीक्षेची, १० पैकी. दुसरी लेखीची, तीही १० पैकी. शेवटी एकूण, २० पैकी. चौकटीत गुण लिहून बाहेर पडलं की ‘चेंज’ नावाचा इव्हेंट घडतो आणि आपलं ‘गुणबदलले’ हे हँडलर धावतं.

हँडलर लिहिताना पॅरामीटरला टाइप दिला नाही, तर कंपायलर लगेच अडवतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : ‘या पॅरामीटरचा टाइप सांगितला नाहीस, म्हणजे मी काहीही धरून चालायचं. ते मला मान्य नाही.’

इथे बहुतेक नवशिके एक पळवाट काढतात. पॅरामीटरपुढे अपूर्णविराम देऊन ‘एनी’ लिहितात. एनी म्हणजे काहीही चालेल. लाल रेघ जाते, पान चालतं, सगळे खूश. पण तपासणीही त्याच क्षणी बंद झालेली असते.

१ आणि २ मिळून १२

आता बघा काय होतं. चौकटीची ‘व्हॅल्यू’ नेहमी मजकूर म्हणून येते. चौकट अंकांसाठीच ठेवलेली असली तरीही व्हॅल्यू हा मजकूरच. आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन मजकुरांमध्ये अधिक चिन्ह ठेवलं की बेरीज होत नाही, ते एकमेकांना जोडले जातात.

तोंडी ८ आणि लेखी ७ असतील तर एकूण येईल ८७. वीसपैकी सत्याऐंशी कोणालाही खटकेल, चूक लगेच सापडेल.

पण तोंडी १ आणि लेखी २ असतील तर? एकूण येईल १२. वीसपैकी बारा! हे कोणाच्याही डोळ्यांवर येणार नाही. ज्या मुलाला वीसपैकी तीनच गुण आहेत, ज्याच्याजवळ आपण सर्वांत आधी बसायला हवं, तेच मूल यादीत ‘ठीक’ दिसेल. जादा तासाच्या यादीत त्याचं नाव येणार नाही. पालकांनाही वाटेल, चाललंय बरं.

पहिली-दुसरीला स्थानिक किंमत शिकवताना आपण हेच तर सांगतो. १ च्या शेजारी २ ठेवणं वेगळं आणि १ मध्ये २ मिळवणं वेगळं. संगणकालाही हा फरक सांगावा लागतो, आणि तो सांगायचं साधन म्हणजे टाइप.

एनी लिहिलं की त्यातून निघालेली व्हॅल्यूसुद्धा एनीच होते. मग ती ‘नंबर’ टाइपच्या जागेत टाकली तरी कंपायलर गप्प बसतो. तेच टाइप नीट लिहिले असते, तर ‘इथे मजकूर आहे, नंबरच्या जागी चालणार नाही’ असं त्याने पान उघडायच्या आधीच सांगितलं असतं.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. टाइपस्क्रिप्टचे टाइप ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत. तपासणी झाली की ते पुसले जातात. म्हणून ‘नंबर’ असं लिहिल्याने मजकुराची संख्या होत नाही. टाइप हा आपण दिलेला शब्द आहे. शब्द खरा असेल तरच त्याचा उपयोग.

मग टाइप कोणता लिहायचा?

घटनेप्रमाणे टाइप ठरतो. नेहमीची उदाहरणं अशी :

• क्लिक : माउसइव्हेंट. बोट किंवा बाण कुठे होता ते यात कळतं.
• कीअप, कीडाउन : कीबोर्डइव्हेंट. कोणती कळ दाबली ते ‘की’ या गुणधर्मात मिळतं.
• फोकस, ब्लर : फोकसइव्हेंट.
• सबमिट : सबमिटइव्हेंट.
• चेंज : साधा इव्हेंट.

पाठांतराची गरज नाही. एडिटरमध्ये अँग्युलरची भाषा-सेवा बसवलेली असेल, तर टेम्प्लेटमधल्या डॉलर-इव्हेंटवर माउस नेऊन थांबा. टाइप समोर दिसेल. तोच हँडलरमध्ये लिहा.

इथे स्ट्रिक्ट टेम्प्लेट्सचा फायदा कळतो. समजा टेम्प्लेटमध्ये चेंज घटना जोडली आणि हँडलरमध्ये कीबोर्डइव्हेंट लिहिलं. काटेकोरपणा चालू असेल तर कंपायलर म्हणेल, ‘येतोय साधा इव्हेंट, तुम्ही मागताय कीबोर्डचा. जमणार नाही.’ काटेकोरपणा बंद असेल तर डॉलर-इव्हेंट स्वतःच एनी होऊन येतो आणि हा चुकीचा शब्दही खपून जातो.

‘टार्गेट’ वर अडतं ते का?

इव्हेंट हा टाइप लिहिला. आता चौकटीतले गुण हवेत म्हणून आपण ‘इव्हेंट, त्याचं टार्गेट, त्याची व्हॅल्यू’ असं लिहितो. पुन्हा लाल रेघा! एक म्हणते, टार्गेट नल असू शकतं, म्हणजे तिथे काहीच नसू शकतं. दुसरी म्हणते, टार्गेटला व्हॅल्यू नावाचा गुणधर्मच नाही.

‘समोर चौकट दिसतेय, तरी हा नाही म्हणतो’ असं वाटून अनेक जण वैतागतात. पण कंपायलरचं बरोबर आहे. घटना आतल्या घटकावर घडते आणि तिथून बाहेरच्या घटकांपर्यंत वर वर चढत जाते. त्यामुळे टार्गेट हे पानावरचं काहीही असू शकतं.

हजेरीच्या बटणाचं उदाहरण घ्या. बटणावर ‘हजर’ असा शब्द आहे आणि शेजारी बरोबरच्या खुणेचं छोटं चित्र आहे. बोट चित्रावर पडलं तर टार्गेट ते चित्र असतं, बटण नसतं. बटणावर ठेवलेला विद्यार्थ्याचा क्रमांक त्या चित्रावर शोधला तर सापडणार नाही. शब्दावर दाबलं की हजेरी लागते, चित्रावर दाबलं की लागत नाही, अशी विचित्र तक्रार येते ती यामुळे. ज्या घटकाला हँडलर जोडलं आहे तो हवा असेल तर ‘करंट-टार्गेट’ वापरायचं. तेही हँडलर धावत असतानाच वाचून घ्यायचं. घटना संपल्यावर ते नल होतं.

सांगण्यावर विश्वास की ओळख पटवून?

या रेघा घालवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला ‘अॅज’. म्हणजे कंपायलरला सांगायचं, ‘हे टार्गेट इनपुटची चौकटच आहे असं धर.’ तो ऐकतो. पण तपासत काहीच नाही.

दुसरा ‘इन्स्टन्सऑफ’. म्हणजे पान चालू असताना खरोखर विचारायचं, ‘हे इनपुटची चौकट आहे का?’ असेल तरच पुढे जायचं, नसेल तर तिथेच थांबायचं. त्या तपासणीनंतर कंपायलरलाही खात्री पटते आणि व्हॅल्यू मागितली की तो तक्रार करत नाही. नलचा प्रश्नही त्यातच सुटतो.

शाळा सुटताना फाटकावर कोणी अनोळखी माणूस आला आणि म्हणाला, ‘मी हिचा काका.’ आपण लगेच मूल ताब्यात देतो का? घरी फोन करतो, मुलीला विचारतो, मगच पाठवतो. अॅज म्हणजे नुसतं सांगण्यावर विश्वास. इन्स्टन्सऑफ म्हणजे ओळख पटवून पाठवणं. अॅज कधीच वापरू नये असं मी म्हणणार नाही. हँडलर थेट त्या चौकटीलाच जोडलं असेल तर सांगितलेलं खरंच असतं. पण ते खरं आहे हे आपल्याला माहीत असायला हवं, आणि उद्या पानाची रचना बदलली तर पुन्हा बघायला हवं.

रिकाम्या चौकटीचं काय?

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. व्हॅल्यू मजकूर म्हणून हातात आली. तिची संख्या करायला आपण ‘नंबर’ हे फंक्शन वापरतो. चौकटीत ७ असेल तर ७ मिळतात. पण चौकट रिकामी असेल तर?

रिकाम्या मजकुराची संख्या जावास्क्रिप्ट शून्य करते!

विचार करा. परीक्षेच्या दिवशी एक मूल तापाने घरी होतं. त्याची चौकट आपण रिकामी ठेवली. पानाने तिथे शून्य धरलं. चार मुलांपैकी तिघांना ६, ८ आणि ७ गुण आहेत. तिघांची सरासरी ७ येते. चौथ्याचं शून्य धरलं की सरासरी सव्वापाचवर येते. सरासरीचं एक वेळ सोडा, पण त्या मुलाच्या नावापुढे शून्य छापून घरी गेलं तर? परीक्षेला बसलोच नाही आणि बसून काही आलं नाही, या दोन गोष्टी मुलासाठी अगदी वेगळ्या आहेत.

दुसरी अडचण आपल्या भाषेची. मराठी कीबोर्डवर टाइप करणारा शिक्षक साध्या मजकुराच्या चौकटीत देवनागरी अंक लिहील. नंबर या फंक्शनला फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी अंक दिले की ते ‘नॅन’ देतं, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’. गंमत अशी की टाइपच्या दृष्टीने नॅन हाही नंबरच आहे. त्यामुळे इथे कंपायलर आपल्याला वाचवत नाही, तपासणी आपणच लिहावी लागते.

म्हणून मजकुरातून गुण काढण्यासाठी एक वेगळं छोटं फंक्शन लिहा. त्याच्या पायऱ्या अशा :

१. मजकुराच्या मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढून टाका.
२. काहीच उरलं नाही तर नल परत द्या. नल म्हणजे ‘नोंद नाही’.
३. देवनागरी अंक असतील तर ते इंग्रजी अंकांत बदला. युनिकोडमध्ये ० ते ९ हे अंक ओळीने आहेत, त्यामुळे हे काम सोपं आहे.
४. मग संख्या करा. नॅन आला तर ‘गुण अंकांत लिहा’ असा संदेश दाखवा आणि नोंद करू नका.
५. संख्या ० ते १० च्या बाहेर असेल तरीही संदेश दाखवा.

या फंक्शनचा परत येणारा टाइप लिहा ‘नंबर किंवा नल’. एवढ्या दोन शब्दांनी मोठं काम होतं. आता जिथे जिथे बेरीज किंवा सरासरी काढली असेल, तिथे कंपायलर विचारेल, ‘नल आलं तर काय करायचं?’ उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ देणार नाही. गैरहजर मुलाचा विचार करायला तो आपल्याला भाग पाडतो.

गैरहजेरीसाठी मात्र वेगळं बटण ठेवा. नोंद राहून गेली आणि मूल गैरहजर होतं, यातही फरक आहे.

सर्वांत सोपा मार्ग

इतकं वाचल्यावर एक प्रश्न मनात यायला हवा. हँडलरला गुणच हवे असतील तर अख्खा इव्हेंट त्याच्या हातात द्यायचाच कशाला?

अँग्युलरमध्ये चौकटीला टेम्प्लेटमध्येच नाव देता येतं. नावाआधी हॅशची खूण करायची. समजा नाव ‘तोंडी’ ठेवलं. मग चेंज घटनेवर डॉलर-इव्हेंटऐवजी ‘तोंडीची व्हॅल्यू’ एवढंच पाठवायचं. तोंडी ही इनपुटची चौकट आहे हे अँग्युलरला टेम्प्लेटवरूनच कळतं. अॅज नको, इन्स्टन्सऑफ नको. हँडलरच्या पॅरामीटरचा टाइप होतो साधा ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकूर. असं फंक्शन तपासायलाही सोपं, कारण खोटा इव्हेंट तयार करावा लागत नाही. हजर बटणावरही इव्हेंट न पाठवता थेट विद्यार्थीच पाठवा. चित्रावर बोट पडो की शब्दावर, योग्य मुलाचीच हजेरी लागेल.

अँग्युलरच्या स्वतःच्या फॉर्मची सोय वापरली, तर अंकांच्या चौकटीतून आपोआप संख्या मिळते, आणि चौकट रिकामी असेल तर नल. फ्रेमवर्क बनवणाऱ्यांनीही रिकाम्याला शून्य मानलेलं नाही, हे लक्षात घ्या.

आपण स्वतः बनवलेल्या कंपोनंटनेही घटना पाठवता येते. विद्यार्थ्याची एक ओळ हा वेगळा कंपोनंट असेल, तर त्याने बाहेर काय पाठवायचं त्याचा टाइप तिथेच लिहा : विद्यार्थ्याचा क्रमांक, आणि गुण ‘नंबर किंवा नल’. बाहेरच्या पानातला डॉलर-इव्हेंट मग बरोबर त्याच टाइपचा होऊन येतो.

रिअॅक्ट शिकणाऱ्यांसाठी दोन वाक्यं. तिथे हँडलर जागेवरच लिहिलं तर टाइप आपोआप कळतो, वेगळं लिहिलं तर ‘चेंजइव्हेंट’ लिहून त्याच्यापुढे कोन-कंसात कोणत्या घटकाचा ते सांगावं लागतं. व्हॅल्यू मात्र तिथेही मजकूरच असते, आणि रिकाम्या चौकटीचा प्रश्नही तोच.

स्वाध्याय

१. तोंडी आणि लेखीच्या गुणांच्या अशा सर्व जोड्या शोधा, ज्या मजकूर म्हणून जोडल्या तर उत्तर २० च्या आतच राहील आणि चूक लपून जाईल. (शून्य विसरू नका.)
२. ‘एनी’ लिहिलेलं एक हँडलर घ्या. त्याजागी योग्य टाइप लिहा आणि किती लाल रेघा आल्या ते मोजा. प्रत्येक रेघ कोणता प्रश्न विचारते ते एका वाक्यात लिहा.
३. घरच्या लहान मुलाला १ आणि २ च्या दोन चिठ्ठ्या द्या. ‘शेजारी ठेव’ आणि ‘मिळव’ यांतला फरक त्याच्याकडूनच बोलून घ्या.
४. तुमच्या पानावर एक चौकट मुद्दाम रिकामी ठेवा आणि एकूण किती येतात ते पाहा.

चौथा प्रश्न आजच करून बघा. रिकाम्या चौकटीसमोर शून्य दिसलं, तर प्रगतिपुस्तकं छापायच्या आधी ते पान दुरुस्त करा.